दारची भाजी, घरचं बी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दर कार्यक्रमात एका जुन्या सभासदाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं, असं समितीने ठरवलं आहे. मागच्या वेळी आरोग्यावर छान बोलणं झालं. आज माझी पाळी आहे आणि विषय आहे परसबाग. मी काही कृषी पदवीधर नाही. आयुष्यभर बँकेत लेजर आणि व्हाउचर यांच्यात बसलेला माणूस. त्यामुळे शेतीशास्त्र सांगण्यापेक्षा हिशेब मांडणं मला जास्त जमतं. तोच मांडतो.

हा विषय आजच का घेतला, तेही सांगून टाकतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्या ओपन स्पेसवर पूर्ण पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय येणार आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण प्लॉट घेतले तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरामागे चार वाफे होते. आज आपण सगळ्यांनी हळूहळू अंगणात फरशी बसवली, गाडीसाठी शेड टाकलं, धुण्याचा ओटा वाढवला. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. चिखल कुणालाच नको असतो. पण माती दिसेल अशी शेवटची मोठी जागा आता ती एकच उरली आहे. तिच्यावर निर्णय घेण्याआधी मातीकडून आपल्याला काय मिळतं, याचा एकदा हिशेब व्हावा, एवढीच माझी विनंती.

पहिली गोष्ट अशी की, परसबाग हे आपल्याकडे शहरातून आलेलं फॅड नाही. आपला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्हीकडचं खाणं आपल्या ताटात आहे. अंबाडीचंच बघा. तेलंगणात गोंगुरा म्हणून तिची चटणी करतात, आपण तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून भाजी करतो, वरून लसणाची फोडणी. पाला एकच, चुली दोन. आपल्या आजूबाजूच्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांवर किंवा तांड्यावर गेलात तर आजही दिसेल. कुडाच्या कुंपणावर वालाचा वेल, छपरावर भोपळा, न्हाणीच्या पाण्यावर अळू नाहीतर केळ, दारात शेवगा. पावसाळ्यात त्यात रानातल्या भाज्यांची भर पडते. तरोटा, काटवल, घोळ, पाथरी, बांबूचे कोंब. ही बाग कुणी आखून दिलेली नसते. घरातली बाई येता-जाता बी टोचते, येता-जाता पाणी टाकते आणि येता-जाता खुडते. परसबागेचं सगळं शास्त्र या तीन गोष्टींत आलं.

दुसरी गोष्ट, अडचणीच्या काळात माणूस पुन्हा पुन्हा इथेच आला आहे. १९६५ साली युद्ध आणि धान्यटंचाई एकदम आली, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं आणि आपल्या सरकारी निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवून धान्य पेरलं. माझ्या वयाच्या मंडळींना १९७२ चा दुष्काळही आठवत असेल. रोजगाराच्या कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. जगात इतरत्रही हेच झालं. १९९१ साली सोव्हिएत युनियन कोसळलं आणि क्युबाला येणारं इंधन आणि खत आटलं, तेव्हा हवाना शहरातल्या रिकाम्या प्लॉटांवर वाफे उभे राहिले आणि शहराने स्वतःची भाजी स्वतः पिकवायला घेतली. अगदी परवाचं बोलायचं तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आठवडी बाजार बंद होता. तेव्हा ज्याच्या दारात शेवगा होता, त्याच्या दारात शेजारी होते.

आता बँकेच्या पद्धतीने मुद्द्यावर येतो. परसबागेतून काय मिळत नाही, ते आधी सांगतो. कर्ज देताना आधी जोखीम बघायची, ही आमची सवय.

परसबागेतून धान्य मिळत नाही. डाळ, तेल मिळत नाही. कांदा-बटाटाही पुरेसा मिळत नाही. पैशांची मोठी बचतही होत नाही. पहिल्या वर्षी तर खुरपं, झारी, शेणखत, कुंपणाची जाळी यांचाच खर्च मिळकतीपेक्षा जास्त दिसतो. आपण पिकवू लागलो म्हणून शेतकऱ्याची किंवा बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींची गरज संपत नाही, संपूही नये. "भाजीचा खर्च शून्य" असं कुणी सांगत असेल तर समजा की त्याने कधी वाफा खुरपलेला नाही.

मग मिळतं काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराबद्दल नव्या सूचना दिल्या. मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं खावीत, आणि त्या ४०० मध्ये साधारण १०० ग्रॅम पालेभाजी असावी, असं त्यात सांगितलं आहे. चार माणसांचं घर धरा. दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम भाजी झाली, महिन्याला ४८ किलो. आपल्यापैकी कोण एवढी आणतो? मी नाही आणत. बाजारातून येताना आपण टिकणाऱ्या वस्तू आधी घेतो. बटाटा, कांदा, फार तर वांगी. पालेभाजी मागे राहते, कारण ती निवडायला वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी सुकते. म्हणजे ताटात नेमकी जी वस्तू कमी पडते, ती बाजारातून आणणं सगळ्यांत गैरसोयीचं आणि दारात पिकवणं सगळ्यांत सोपं. चार माणसांना दिवसाला ४०० ग्रॅम पाला लागतो. एवढा पाला मागच्या दारी पिकू शकतो. परसबागेचं खरं उत्पन्न रुपयांत मोजू नका, ताटातल्या हिरव्या रंगात मोजा.

यासाठी जागा किती लागते? आपल्याकडे गुंठा सगळ्यांना कळतो. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. ते गणिताचे प्राध्यापक होते. द्राक्ष बागायतदार आणि साध्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. गणिताच्या माणसाने शेतीला विचारलेला प्रश्न फार साधा होता. दिवसभरात या जागेवर किती ऊन पडतं आणि त्यातलं किती आपण पानांनी झेलतो? पान हा कारखाना, ऊन ही वीज. मोकळ्या फरशीवर पडलेलं ऊन फरशी तापवून वाया जातं, पानावर पडलेलं ऊन अन्न होतं. नीट आखणी केली तर दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब आपल्या गरजा भागवू शकतं, असं ते मांडत. आपल्याला दहा गुंठ्यांचं स्वप्न बघायचं नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र रोज अंगणात उभं राहून स्वतःला विचारण्यासारखा आहे. आपल्या किनवटला उन्हाची कमतरता आहे, असं कुणी म्हणणार नाही.

"आमच्याकडे जागाच नाही, वरचा मजला आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचं उदाहरण देतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज मोठ्या संख्येने कामगारांचं जेवण बनायचं. तिथल्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. कारण साधं होतं. भाज्यांची देठं-सालं यांचं रोजचं ओझं टाकायचं कुठे? तेच सडवून, त्यात वाळलेला पाला आणि उसाची चिपाडं मिसळून त्यांनी पिंपांत आणि वाफ्यांत भाज्या, फळझाडं वाढवली. त्यात माती अगदी थोडी, सगळा जोर कुजवलेल्या काडीकचऱ्यावर. त्यामुळे गच्चीवर वजन कमी पडतं. मुंबईच्या गोदीतल्या गच्चीवर हे होतं, तर आपल्या घराच्या गच्चीवर का नाही?

आणि आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था महिलांबरोबर काम करू लागली. पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्या महिलांनी घरातल्या पुरुषांकडे एक मागणी केली. सगळं शेत सोयाबीन-कापसाला लावू नका, त्यातलं अर्धा-एक एकर आम्हाला द्या. त्या तुकड्यात त्यांनी भाज्या, कडधान्यं, ज्वारी असं घरी खायचं पीक घेतलं, कमी पाण्यात, घरच्या खतावर. नगदी पीक बुडालं तरी घरात खायला असायचं. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. मला यात पुरस्कारापेक्षा ती मागणी महत्त्वाची वाटते. "सगळं नको, एक तुकडा द्या." आज माझीही मागणी तेवढीच आहे, पण ती शेवटी.

आता थोडं हातातलं काम सांगतो. भगिनींना यातलं बरंच माहीत आहे. त्यांनी माझ्याकडे नातवाकडे बघावं तसं बघून घ्यावं.

आपली माती काळी आणि चिकट. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. म्हणून सपाट वाफा नको, अर्धा-पाऊण फूट उंच गादीवाफा करा. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त ठेवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाला मिसळला की दोन-तीन वर्षांत तीच माती हातात भुसभुशीत लागते. आपल्याकडे सागाची पानं भरपूर पडतात आणि आपण ती जाळतो. ती जाळू नका. साग लवकर कुजत नाही हे खरं, पण पानं चुरून वाफ्यावर अंथरली तर उन्हाळ्यात ओल टिकते आणि तण कमी येतं.

चार फूट बाय दहा फूट असे चार वाफे करा. सगळीकडे एकाच दिवशी पेरू नका, आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक पेरा. मेथी आणि माठ महिन्याच्या आत खुडायला येतात, पालकाची पहिली कापणी पाच-सहा आठवड्यांत होते, कोथिंबिरीलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. एक वाफा संपेपर्यंत दुसरा तयार. बँकेतल्या मुदत ठेवींसारखंच हे, ठेवी पुढेमागे ठेवल्या की पैसेही पुढेमागे सुटतात.

मृग लागला की भेंडी, गवार, दोडकं, कारलं, काकडी, भोपळा, अंबाडी, वाल लावून घ्या. एखाद्या सावलीच्या कोपऱ्यात अळू आणि हळद. वसमत-हिंगोलीची हळद प्रसिद्ध आहे, मग आपल्या परसात चार गड्डे का येणार नाहीत? दसरा-दिवाळीत मेथी, पालक, मुळा, गाजर, लसूण, वांगी, टोमॅटो. उन्हाळ्यात फार हौस करू नका. माठ, तांदुळजा, घोळ, चवळी एवढंच, तेही दुपारच्या सावलीत. कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि पपई ही चार कायमची खाती उघडून ठेवा. फक्त शेवगा शेंगा संपल्या की दरवर्षी कमरेएवढा छाटा. त्याचं लाकूड ठिसूळ असतं. वाऱ्यात फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडली की भाजीपेक्षा भांडण मोठं होतं.

पाण्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारणार हे मला माहीत आहे आणि तो विचारलाच पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आपल्या भागात पाऊस बाकी मराठवाड्यापेक्षा बरा आहे, पण बोअरचं पाणी दरवर्षी खाली जातंय. म्हणून हिशेब करू. कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ ते ८ लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात चारपैकी दोनच वाफे चालू ठेवले तर ती जागा साधारण साडेसात चौरस मीटर, म्हणजे ४० ते ६० लिटर. चार माणसांच्या आंघोळीच्या चार बादल्या तेवढ्याच होतात. म्हणजे बागेसाठी बोअर चालवायची गरज नाही, न्हाणीचं पाणी वळवायची गरज आहे. ते आधी केळी, अळू, कर्दळ यांच्या आळ्यात सोडा आणि कपड्याच्या पावडरचं पाणी भाजीला घालू नका. पाणी पानांवर शिंपडू नका, मुळाशी द्या, तेही संध्याकाळी.

मावा, तुडतुडे आले की घाईने औषधाचं दुकान गाठू नका. ५० ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून त्यात चिमूटभर साबण टाकायचा आणि पानांच्या खालच्या बाजूला फवारायचा. शेतकरी वापरतात तो पाच टक्के निंबोळी अर्क हाच. दारातला कडुनिंब फुकट देतो. आणि वानरांचं म्हणाल, तर त्यावर रामबाण उपाय माझ्याकडे नाही. पण हळद, आलं, मिरची, कारलं यांच्या वाटेला ती सहसा जात नाहीत. पेरू आणि पपई मात्र त्यांचीच समजा, आपल्याला मिळाली तर प्रसाद.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. तो म्हणजे बी.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजाच्या बाई. शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण घराभोवती लावलेल्या भाज्यांचं बी त्यांनी जपलं. वाल-घेवड्याचे किती प्रकार, भाताचे, पालेभाज्यांचे, वेलभाज्यांचे. बायफ या संस्थेच्या मदतीने त्यांच्या घरी बियाण्यांची बँक उभी राहिली. बँक हा शब्द ऐकून माझे कान टवकारले, हे वेगळं सांगायला नको. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांच्या बँकेचा व्यवहार असा की, बी न्यायचं, पेरायचं आणि पीक आलं की घेतल्यापेक्षा जास्त बी परत आणून द्यायचं. व्याजही बियाण्यातच.

यात आपल्यासाठी धडा काय? पाकिटातलं संकरित बी वाईट असतं असं नाही. पीक भरघोस येतं. पण त्याचं बी ठेवून पुढच्या वर्षी लावलं तर तीच भाजी तशीच येत नाही. म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घ्यायचं. देशी किंवा सरळ वाणाचं तसं नसतं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी काढली. साध्या भेंडीचा रानभेंडीशी संकर करून, पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला टिकेल अशी जात पुढच्या पिढ्यांतून स्थिर केली. ती सरळ वाणाची आहे, तिचं बी घरी ठेवता येतं. भेंडी, वाल, चवळी, मेथी, टोमॅटो यांचं बी ठेवणं सोपं. सगळ्यांत निरोगी झाडावर पहिल्या बहारातल्या चार शेंगा खायच्या नाहीत, त्यांना खूण म्हणून दोरा बांधायचा. झाडावरच वाळू द्यायच्या, सावलीत सुकवायच्या, राखेत घोळून कोरड्या डब्यात ठेवायच्या आणि डब्यावर नाव आणि वर्ष लिहायचं. भोपळा, काकडी, दोडकं यांचं मात्र जवळपास दुसरी जात असेल तर मिश्रण होतं, तिथे जरा सांभाळून.

आपल्याच सोसायटीतली एक गोष्ट सांगतो. जुन्या सभासदांना आठवेल. मागच्या ओळीतल्या एका काकूंच्या कुंपणावर जांभळ्या कडेच्या वालाचा वेल होता. रुंद शेंग, आणि भाजीला एक वेगळाच वास. हे बी त्यांनी लग्नात माहेराहून पदराला बांधून आणलं होतं, असं त्या सांगायच्या. त्या गेल्या. मुलांनी घर भाड्याने दिलं. भाडेकरूंनी कुंपण काढून भिंत बांधली. वेल गेला, डबेही कुठे गेले ते कळलं नाही. पण काकूंची एक सवय होती. संक्रांतीच्या वाणात त्या हळदी-कुंकवाबरोबर चार-चार दाणे द्यायच्या. त्यातल्या तीन घरांनी ते पेरले होते. आज आपल्या सोसायटीत तो वाल आहे तो त्या तीन घरांमुळे. काकूंच्या स्वतःच्या घरात तो नाही.

मी बँकेत अनेक कर्जं बुडालेली पाहिली. दिलेलं बी मात्र बुडत नाही, डब्यात ठेवलेलं बुडतं. वालाचं बी फार तर काही वर्षं जिवंत राहतं. त्यानंतर तो नुसता दाणा. त्याला जिवंत ठेवायचा एकच मार्ग, पेरणं आणि वाटणं. आणि पेरायला माती लागते.

बियाण्याचं जे, तेच स्वयंपाकघरातल्या विद्येचं. बागेतलं पीक एकदम येतं, मग दोन दिवसांत काय करायचं हे ज्या घराला माहीत आहे, त्याच घरात बाग टिकते. मिरची उतू गेली की ताकात भिजवून सांडगी मिरची. गवार जास्त झाली की वाळवून ठेवायची, पुसात-माघात काढायची. कोहळ्याचे सांडगे, मेथी सावलीत वाळवून डब्यात, अंबाडीची चटणी तेलात परतून बरणीत, लिंबाचं लोणचं. हळद शिजवून, वाळवून, कुटून घरचीच. वेळ अमावस्येची भज्जी तर शेंगा-भाज्यांच्या सरमिसळीशिवाय होतच नाही. या सगळ्याला तिथी-वार, ऊन-वारा आणि हाताचा अंदाज लागतो. तो अंदाज आज या सभागृहात बसलेल्या साठीच्या पुढच्या भगिनींच्या हातात आहे. त्यांच्या मुली-सुना पुण्यात, हैदराबादला नोकरीला आहेत. फोनवर "किती मीठ?" विचारतात आणि इकडून उत्तर जातं "अंदाजाने." तो अंदाज फोनवर जात नाही. हाताखाली काम केलं तरच तो उतरतो.

आता माझी मागणी. कार्यकारिणीने ती पोटनियम बघून सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी.

एक, ओपन स्पेसवर पेव्हर ब्लॉक जरूर बसवा. लग्न-मुंजी, गणपती, मुलांचं क्रिकेट, सगळं तिथेच होतं. फक्त पूर्वेच्या कडेचे दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट, मातीचे राहू द्या. पावसाचं पाणीही तेवढ्यातून जमिनीत जाईल आणि बोअरला त्याचा फायदा सगळ्यांनाच होईल.

दोन, ज्यांच्याकडे अंगण नाही, वरच्या मजल्यावर राहतात किंवा भाड्याने आहेत, त्यांना तिथे आधी वाफा द्या. एका घराला एक वाफा, एका हंगामासाठी. दोन महिने वाफा पडीक राहिला तर तो दुसऱ्याला. हे नियम लेखी असावेत, तोंडी नकोत. तोंडी नियमांवर सोसायट्या मोडतात, हे मी पाहिलं आहे.

तीन, ओल्या कचऱ्यासाठी तिथेच दोन खड्डे. एक भरायचा, एक कुजायला ठेवायचा. ओला कचरा एक भाग, वाळलेला पाला दोन भाग, म्हणजे वास येत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पिंपांतलं साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा कोरडं करायचं, म्हणजे डेंग्यूचे डास होणार नाहीत. ही जबाबदारी आम्हा निवृत्त मंडळींकडे द्या. आम्हाला सकाळी फिरायला जायचंच असतं, तिथेच फिरू.

चार, वाचनालयाच्या कपाटात एक कप्पा बियाण्यांचा. डब्यांवर नाव, वर्ष आणि देणाऱ्या घराचा नंबर. नेताना वहीत सही, हंगामानंतर दुप्पट परत. ही वही ठेवायला मी तयार आहे. माझं हस्ताक्षर अजून वाचता येतं.

पाच, तीन वर्षांनी सर्वसाधारण सभेत आढावा घ्या. वाफे पडीक दिसले, डास झाले, भांडणं झाली, तर त्या जागेवरही पेव्हर ब्लॉक बसवा. मी स्वतः त्या ठरावाला अनुमोदन देईन. माती ठेवली तर पुढे कधीही फरशी बसवता येते. एकदा फरशी बसली की तिच्याखालची माती परत मिळवणं किती अवघड असतं, हे ज्यांनी आपापल्या अंगणात प्रयत्न करून पाहिला त्यांना विचारा.

काही सभासदांची शंका आहे की, सामायिक जागेत भाजी लावली तर चोरी होईल. होईल, थोडी होईल. रात्री कुणी दोन कारली तोडून नेली तर त्याच्या घरी त्या दिवशी कारल्याची भाजी झाली, एवढंच. ती सोसायटीतच झाली.

पंचवीस वर्षांत आपण रस्ता केला, पाण्याची टाकी केली, दिवे लावले, सभागृह बांधलं. ही सगळी मालमत्ता ताळेबंदात येते आणि तिच्यावर दरवर्षी घसारा लिहावा लागतो. कसदार होत जाणाऱ्या मातीवर आणि वाटलेल्या बियाण्यावर घसारा नसतो. सुवर्णमहोत्सवाला आमच्यापैकी किती जण असतील, ते सांगता येत नाही. पण आज समोर सतरंजीवर बसलेली ही मुलं असतील. तेव्हा त्यांच्या ताटात जांभळ्या कडेच्या वालाची भाजी असावी आणि ती कुठून आली हे त्यांना सांगता यावं, असं मला मनापासून वाटतं.

येत्या संक्रांतीला प्रत्येक घराने वाणात चार दाणे द्यावेत, कोणत्याही भाजीचे चालतील. तेवढ्यासाठी सभेच्या ठरावाची वाट बघायची गरज नाही.

दूध आटलेलं दिसतंय आणि बालमित्रांचा संयमही.